सूर धरणारा

“दांडा कुणाच्या हातात आहे?” बसवराज सर इंजिनाच्या आवाजावर ओरडले.

“माझ्या, सर,” सिदू म्हणाला आणि म्हणता म्हणता त्यानं तो सोडलाही.

जमीन पन्नास फुटांवर आली होती. सरांनी घाईनं दांडा ओढला. ते छोटं दोन आसनी विमान दोनदा उसळलं आणि कसंबसं धावपट्टीवर टेकलं. धावपट्टी आपली म्हणायची. बहात्तरच्या दुष्काळात बायाबापड्यांनी खडी फोडून उमरग्याजवळच्या माळावर ती केली होती आणि पुढं सात वर्षं तिच्यावर शेरडंच चरली. यंदा सहकारी साखर कारखान्याला उसावर औषध फवारायला विमान घ्यायची हौस आली. वैमानिक आपल्याच भागातला हवा म्हणून परीक्षा घेतली, तर पहिला आला सनईवाल्या बिराप्पांचा सिदू. लोकांनी तोंडात बोटं घातली.

आज शिकवणीचा शेवटचा दिवस होता. सिदूनं एकट्यानं विमान उडवून उतरवलं, तर पुढं शिकायला हैदराबाद. नाही तर संध्याकाळी सर विमान घेऊन परत जाणार आणि सिदू पुन्हा बापाबरोबर लग्नाच्या मांडवात सनईला.

सरांना कोडंच पडलं होतं. पोरगा हुशार. इंजिनाचा आवाज जरा बदलला तर त्याला सरांच्या आधी कळायचं. वर गेल्यावर विमान असं सरळ न्यायचा की बघत राहावं. पण उतरायची वेळ आली की याचे डोळे जमिनीवर नसायचे, सरांच्या हातावर असायचे. सरांचा हात जरा हलला की हा दांडा सोडून मोकळा. रागावून झालं, समजावून झालं. शेवटी सर हात मांडीखाली घालून बसले, तर हा मांडीकडे बघत बसला!

माळाच्या कडेला बिराप्पा रोजच्यासारखे उन्हात बसले होते. सिदूला तेल बघायला लावून सर त्यांच्याकडे गेले.

“बिराप्पा, तुमचा पोरगा ऐन वेळेला हात काढतो. असं का करतो तो?”

बिराप्पांनी डोक्यावरचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं.

“माझीच चूक हाय सायेब. सा वर्साचा असल्यापासनं माझ्या शेजारी सूर धरतोय. आमच्यात उस्तादानं वाजवायचं. शेजारच्यानं निस्ता एक सूर धरून उस्तादाच्या बोटांकडं बघत ऱ्हायचं. मधीच बोट हलवलं त्येनं, तर म्या कोपर मारायचो. चौदा वर्सं कोपर खाल्लंय पोरानं.”

“म्हणजे त्याला वाजवता येतच नाही?”

बिराप्पांनी मागं वळून पाहिलं. सिदू लांब होता.

“त्येला सांगू नका. दोन वर्सांमागं लोहाऱ्याला लगीन होतं. वरात दारात आली आन म्या ताप आल्याचं सोंग घेतलं. मांडवामागं घोंगडं पांघरून पडलो. दिसभर वाजवलं पोरानं, माझ्यापरीस ग्वाड. म्या घोंगड्यात तोंड घालून रडलो. आन दुसऱ्या दिशी म्या उठून बसलो, तर ह्यो पुन्ना सूर धरून शेजारी! उस्ताद शेजारी असला की त्येचा हात उचलत न्हाय सायेब. तुमी उतरा.”

“आणि पडला तर?”

“पडला तर माझा पडंल.” बिराप्पा म्हणाले. “येकुलता हाय. तरी बी म्हणतो, तुमी उतरा.”

सरांनी सिदूला घेऊन आणखी एक फेरी मारली. विमान धावपट्टीवर टेकलं आणि सर पोट धरून वाकले.

“कळ आली रे. मी बसतो त्या बाभळीखाली. तू एक चक्कर मारून ये. इंजिन गार होता कामा नये.”

सिदूनं सरांकडं पाहिलं. मग कडेला उभ्या असलेल्या बापाकडं पाहिलं. “बरं सर,” म्हणाला आणि दार ओढून घेतलं.

विमान उडालं. सरांची खोटी कळ आता खरी झाली. माळाला वळसा घालून विमान खाली येऊ लागलं, धावपट्टीच्या तोंडाशी आलं आणि एकदम गर्जना करून पुन्हा वर गेलं. बिराप्पांनी सरांचा दंड धरला.

“काय झालं वो? उतरंना का?”

“उंच राहिला होता. म्हणून पुन्हा वर नेलं.” सरांनी मांडीवर थाप मारली. “बिराप्पा, त्याचं त्यानं ठरवलं!”

दुसऱ्या खेपेला चाकं जमिनीला अशी लागली की धूळसुद्धा फारशी उडाली नाही. बिराप्पा पळत गेले. पोराचं तोंड दोन्ही हातांत धरलं. मग उगाच विमानाच्या पंखावरून हात फिरवत पलीकडं गेले आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसू लागले.

सिदू सरांकडं आला.

“पोट कसं हाय, सर?”

“बरं आहे आता.” सरांनी नजर चुकवली.

“अण्णांनी लोहाऱ्याचं सांगितलं न्हवं तुमाला?”

सिदूनं बापाकडं बघत आवाज बारीक केला.

“त्यांनी आपणहून जागा दिली म्हणून वाजवलं म्या. त्यांना मातर बोलू नका, सर. घोंगडं पांघरवताना म्या त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला हुता. गार हुतं.”