दंडावरचं नाव

धाकट्या भावाच्या हळदीत सगळे बनियनवर नाचत होते. नवनाथ तेवढा भर उन्हाळ्यात लांब बाह्यांची बटणं लावून मांडवाच्या खांबाला टेकला होता.

"जाड्याचा एवढा बारीक झाला, शर्ट काढ की राव, बॉडी तरी बघू," मित्र म्हणाले. तो कसनुसं हसला आणि गोठ्यामागं जाऊन उभा राहिला. बायको, वृषाली, हळदीची वाटी घेऊन मागोमाग आली.

"दंडावर माझं नाव हाय म्हणून काढत न्हाई ना? घरातबी काढत न्हाई तुमी. बारीक झाल्यापासून मी नकोशी झाले, सरळ सांगा की."

नवनाथनं मान खाली घातली. खरं दाखवण्यापेक्षा तिचा हा समज परवडला, असंच त्याला आजवर वाटत आलं होतं. पण तिचे डोळे भरून आले, तेव्हा त्यानं तोंड फिरवून शर्ट उतरवला.

ओतूरच्या जत्रेत भरल्या दंडावर हौसेनं गोंदवून घेतलेलं तिचं नाव रिकाम्या पोत्यासारख्या लोंबणाऱ्या कातडीत दुमडून गेलं होतं. त्यानं डोळे मिटून घेतले.

वृषालीनं वाटी खाली ठेवली. दोन्ही हातांनी ती कातडी हळूच ताणली, नाव वाचलं आणि त्यावर हळदीचं बोट लावलं.

"घाला शर्ट," ती म्हणाली. "तुमाला ताप हाय म्हणून सांगते मी पोरांना."

आणि मनगटाची बटणं तिनंच लावून दिली.