तोफखान्याआधीची तालीम

१९६८ साली माझा थोरला भाऊ हणमंतदादा तोफखान्यात भरती झाला. दिवाळी सरली की नाशिकला ट्रेनिंगसाठी हजर व्हायचं होतं. अंगानं पैलवान, चटणी वाटायचा पाटा खांद्यावर घेऊन टेकडी चढायचा. पण फटाका वाजला की कणगीमागं लपायचा.

"तोफेपुढं असा लपलास तर घरी पाठवतील रे," वडील म्हणाले. "मग गावात तोंड कुठं दाखवायचं?" दादा रडकुंडीला आला.

तेव्हा आईनं त्याच्या मनाची तालीम माझ्याकडं सोपवली. दादा म्हशीची धार काढायला बसला की मी गोठ्यामागं सुतळी बॉम्ब लावायचे. "दचकायचं नाही, आणि दूधही सांडायचं नाही," आईनं बजावलं.

पहिल्या दिवशी दादा, चरवी आणि म्हैस तिघं तीन दिशांना गेले. पण दादा रोज पुन्हा बसत राहिला. पाडव्याला बॉम्ब अगदी पाठीशी फुटला, तरी धार तुटली नाही. आईनं पदरानं डोळे पुसले. "जा लेका, आता तोफच तुला भिईल."

दादा सुभेदार होऊन निवृत्त झाला. वडील शेवटपर्यंत गावात मिशीला पीळ देत फिरले. म्हैस मात्र त्या दिवाळीपासून मागं धडाड् झाल्याशिवाय पान्हाच सोडेना. बॉम्ब संपले, तशी मी रोज तिच्यामागं रॉकेलचा डबा बडवू लागले. पुढं माझं लग्न झालं, तेव्हा आई गळ्यात पडून ढसाढसा रडली.

"पोरी, आता डबा कोण बडवणार गं?"