शोकप्रस्ताव

नवऱ्याचा शोकप्रस्ताव अध्यक्षबाईंनीच वाचला. “ताई, उपाध्यक्ष वाचतील,” सचिव म्हणाले होते. “माजी सदस्य गेले की अध्यक्षांनीच वाचायचं,” त्या म्हणाल्या. वाचताना आवाजही थरथरला नाही. भाषणं सुरू झाली. प्रत्येकाला पाच मिनिटं, नंतर अध्यक्षांची घंटा. सगळ्यांनी छापील कौतुक केलं. घरी यजमानांचं नाव काढणारंही कुणी उरलं नव्हतं. शेवटी त्यांचा जन्माचा विरोधक उठला. “अध्यक्ष महोदया, हा माणूस इथे माझी सालटी काढायचा आणि कॅन्टीनमध्ये माझ्याच ताटातलं गोड पळवायचा! वर दटावायचा, बायकोला सांगशील तर बघ, तिनं माझं गोड बंद केलंय.” सभागृह हसलं. बाईंना हे ठाऊकच नव्हतं. पाच मिनिटं झाली. बोट घंटेवर गेलं, तसा तो थांबला. “संपली वेळ?” बाईंनी बोट मागे घेतलं. “बोला, सन्माननीय सदस्य. आणखी काय काय खायचे ते?”