न्यूमध्ये फक्त फोल्डर

"राइट क्लिक करून न्यूवर गेलं की फक्त फोल्डर दिसतं," मंगलबाई म्हणाल्या. "नवीन फाईल करायचा पर्यायच नाही. डेस्कटॉपवर दिसतो, या फोल्डरमध्ये नाही."

आसिफनं लॅपटॉप स्वतःकडे वळवला. भोरच्या एसटी स्टँडजवळच्या त्याच्या दुकानात लोक यायचे ते मोबाईलची काच फुटली म्हणून, नाहीतर प्रिंटर अडकला म्हणून. विंडोजच्या पार पोटात शिरून आलेली साठीची बाई तो पहिल्यांदाच बघत होता.

"हितवर कशा पोचला, बाई?"

"शाळेत शिकवत होते, मार्गासनीला. एमएससीआयटी केलंय."

त्यानं राइट क्लिक केलं. न्यूपुढं खरंच एकटं फोल्डर होतं.

"बिघाड न्हाई ह्यो. ही जागा सिस्टिमची हाय. कुनी पन येऊन काय पन टाकू नये म्हनून पर्याय ठेवत न्हाईत. तुमाला करायचंय काय?"

"एक साइट बंद करायची आहे. कायमची."

"मग त्याची फाईल असतीया की आधीपास्नं. तिच्यात साइटचं नाव टाकायचं, साइट उघडत न्हाई." त्यानं शोधलं. फाईल नव्हती. "कुनीतरी उडवलीया. बाई, ह्याच्या आधी कुनी साइट बंद केलती का?"

"केली होती. ती बंदी पंधरा दिवससुद्धा टिकली नाही."

"घरात कोन कोन वापरतं ह्यो लॅपटॉप?"

बाईंनी पदरानं मान पुसली. "साइट कुठली ते तर विचारा," त्या म्हणाल्या आणि एका पानाचं नाव सांगितलं.

आसिफनं दुकानाच्या कॉम्प्युटरवर ते उघडलं आणि हसला. "ही तर प्रेरणा! विंझरची. आमची हलिमा हिचं बघूनच भारंगीची भाजी करती."

"माझी मुलगी आहे."

सासरहून परत आलेली प्रेरणा रानभाज्यांचे व्हिडिओ करायची. कुर्डू कुठं उगवते, टाकळा कसा निवडायचा, हे हसत हसत सांगायची. महिना झाला, एकही नवा व्हिडिओ नव्हता.

"खाली वाचा," बाई म्हणाल्या.

आसिफ वाचू लागला. एकच खातं होतं, फोटो नसलेलं. प्रत्येक व्हिडिओखाली त्याचंच लिहिणं. सुरुवातीला टोमणे, मग शिव्या, मग तिच्या अंगाबद्दल, तिच्या रात्रींबद्दल असलं काही की आसिफचा हात माउसवरून आपोआप मागं आला. त्यातही काना-मात्रा कुठं चुकलेली नव्हती, पूर्णविराम जागच्या जागी होते. त्यानं तर त्याला जास्तच किळस आली. कोणीतरी बसून, सावकाश, शब्द तपासून ही घाण लिहिली होती. समोरचा चहा त्यानं बाजूला सारला.

"मानूस हाय का कोन हाय ह्यो? अन् जवळचा हाय, बाई. कुठल्या साडीवर वढ्याला गेली, कुनाशी बोलली, समदं ठावं हाय त्याला. तिचा नवरा आसंल."

"त्याला एवढं लिहिता येत नाही."

"मग शेजारपाजारचं कुनी. सरळ पोलिसात जावा. सायबरवाले शोधून काढत्यात. असल्याला बाजारपेठेत उभा करून थुंकाय पायजे."

"हो," बाई म्हणाल्या. "थुंकायलाच पाहिजे."

त्यांचा आवाज कोरडा होता. "सोमवारी ती विहिरीच्या काठावर बसलेली सापडली. चपला काढून ठेवल्या होत्या. मी हाताला धरून आणली. तेव्हापासून जेवत नाही. सारखं एकच विचारते, आई, माझं काय चुकलं?"

"तुमी काय म्हनला?"

"काय म्हणणार? ती आली तेव्हा मीच म्हटलं होतं, नांदायला परत जा. लोकांसमोर असं तोंड दाखवत नाचू नको. ऐकलं नाही तिनं."

आसिफनं मान हलवली. आईच्या जिवाला ते आता खात असणार, असं त्याला वाटलं. त्यानं नोटपॅड वेगळ्या परवानगीनं उघडलं, साइटचं नाव लिहिलं आणि फाईल त्या फोल्डरमध्ये ठेवली. मग साइट उघडून बघितली. पान कोरं आलं.

"पर मोबाईलवर दिसनारच की."

"मोबाईलचं मी बघते. तुम्ही एवढं करा, ही फाईल पुन्हा कोणाला काढता येऊ नये."

"मग लॅपटॉपचा मालकच बदलावा लागंल. एक नवं खातं करतो, त्याला पासवर्ड. तुमच्या खात्यातनं फाईल काढाय गेलं की पासवर्ड मागनार. त्यो नसंल तर काय बी हलनार न्हाई."

"करा."

त्यानं केलं. पासवर्ड टाकताना बाई उठून रस्त्याकडं तोंड करून उभ्या राहिल्या.

"ध्यानात ठेवा, सांगतो," आसिफ म्हणाला.

"मला नको. तुमच्यापाशीच असू द्या."

"तुमाला तर सांगाय पायजे. लॅपटॉप तुमचा."

"नको म्हटलं ना!"

बाई घाबरल्यात, हे आसिफच्या ध्यानात आलं. घरातलंच कोणीतरी असणार. त्यांच्यावर जोर करून पासवर्ड काढून घेईल, अशी त्यांना भीती असणार. त्याला पुन्हा शिसारी आली. एकाच छपराखाली राहून, त्याच पोरीच्या हातची भाकरी खाऊन!

"भिऊ नका, बाई," तो म्हणाला. "कुनी बी येऊ द्या. मी न्हाई देनार. फकस्त नाव सांगून ठेवा, म्हंजी त्यो आल्यावर माझ्या ध्यानात येईल."

मंगलबाईंनी लॅपटॉप पिशवीत घातला. विंझरकडं जायचं म्हणजे नसरापूरची एसटी धरायची होती, आणि ती लागलेली होती. तरी त्या दारात थांबल्या.

"मीच येईन," त्या म्हणाल्या. "म्हणेन, आता मी तिला तसलं काही लिहिणार नाही. विश्वास ठेवू नका."