अडतीस साक्षी

"मेल्या दोन्ही," ड्वेन म्हणाला आणि बोटांना लागलेली चीज-चिप्सची नारिंगी पूड त्याने जीन्सला पुसली.

स्क्रीनवर एकच डिस्क दिसत होती. ड्वेनने आज सकाळी नव्या मदरबोर्डवर बसवलेली, च्युइंगगमच्या कांडीएवढी. जुन्या दोन डिस्कचा पत्ता नव्हता.

रेनो कांगास खुर्चीच्या कडेवर बसून होता. त्या दोन डिस्कवर अडतीस खाणकामगारांच्या साक्षी होत्या. खाणीच्या धुळीने फुफ्फुसं गेलेल्यांच्या. त्यानेच घरोघर जाऊन त्या रेकॉर्ड केल्या होत्या. बारा वाजता डुलूथहून वकीलबाई त्या न्यायला येणार होत्या. सोमवारी सुनावणी होती. अडतिसांतले बावीस जण आता हयात नव्हते.

"काल संध्याकाळी दिसत होत्या," तो म्हणाला.

"माझा सासराही आदल्या संध्याकाळी बोलिंग खेळून आला होता. जुनं झालं की जातं, रेनो. दुसरी प्रत कुठाय?"

"एकीवर मूळ. दुसरीवर प्रत."

"म्हणजे दोन्ही ह्याच कॉम्प्युटरच्या डब्यात? शाब्बास! कुलपाची दुसरी किल्ली घरात ठेवून दार ओढून घेतलंस की."

ते खरंच होतं.

ड्वेनने डब्यात तोंड घालून जोरात फुंकर मारली. धुळीची करडी गुठळी उडाली आणि त्याच्याच कॉफीत पडली. ती त्याने बोटाने काढून टाकली आणि घोट घेतला. रेनोने मान फिरवली.

मग त्याने हात आत घालून एका डिस्कवर बोटं टेकवली. बारीक थरथर लागली. दुसरीलाही.

"ह्या फिरतायत, ड्वेन."

"फिरतात म्हणजे चालतात असं नाही. वायरी बदलून पाहिल्या. आणखी काय करू, मंत्र म्हणू?"

"मदरबोर्डबरोबर पुस्तिका आली असेल ना?"

"टाकली. या गावात सतरा कॉम्प्युटर जोडलेत मी, एकदाही पुस्तिका उघडली नाही." ड्वेनने खिशातून फोन काढला. "वर्नाला सांगतो, तुझ्या डिस्क गेल्या म्हणून. ती वकीलबाईंना कळवेल, उगाच एवढा हेलपाटा नको."

"दहा मिनिटं थांब. कुठे टाकलीस?"

ड्वेनने हनुवटीने स्वयंपाकघराकडे खूण केली.

काल ईस्टरआधीच्या उपासाचा शुक्रवार होता; मांस वर्ज्य, मासळी चालते. खाणकामगार युनियनच्या ह्याच हॉलमध्ये दोनशे माणसं तळलेली मासळी खाऊन गेली होती, आणि हॉल सांभाळणाऱ्या वर्नाने सकाळी उरलंसुरलं सगळं कचऱ्याच्या पिंपात ओतलं होतं. रेनोने बाह्या वर सारल्या. वरचा थर गार तेलाचा होता. त्याखाली काटे, कोबी, आंबट पांढरी चटणी, ओले कागदी रुमाल. कुणीतरी तंबाखू थुंकलेला कप त्याच्या मनगटावर सांडला. त्याने डोळे मिटले आणि हात कोपरापर्यंत खाली नेला. पुस्तिका तळाशी होती.

"शी! ते टेबलावर ठेवू नकोस," ड्वेन म्हणाला. "मी खातोय इथे."

रेनोने ती गुडघ्यावर ठेवली. दोन पानांमध्ये माशाची कातडी चिकटली होती; ती त्याने सोलून काढली. चष्मा वर सरकवून तो बोटाने ओळी लावत गेला. एकोणिसाव्या पानावर तळाशी बारीक अक्षरांत होतं : दुसऱ्या खाचेत कांडीच्या आकाराची डिस्क बसवली, तर तीन आणि चार नंबरची सॉकेटं बंद होतात.

त्याने टॉर्चने पाहिलं. कांडी दुसऱ्या खाचेत होती. जुन्या डिस्कच्या वायरी तीन आणि चारमध्ये.

"एक आणि दोन मोकळी आहेत," तो म्हणाला.

"तिथे हात जात नाही. मधे ते मोठं कार्ड येतं. ते काढावं लागलं असतं."

रेनोने त्याच्याकडे पाहिलं. पिंपात हात घालतानाही त्याला एवढी किळस आली नव्हती.

हात धुऊन आला तरी बोटांना मासळीचा वास होता. त्याने कॉम्प्युटर बंद केला, कार्डाचे दोन स्क्रू काढले, कार्ड बाजूला ठेवलं आणि वायरी एक आणि दोनमध्ये लावल्या. कार्ड परत बसवून कॉम्प्युटर सुरू केला.

स्क्रीनवर तीन डिस्क आल्या. आत अडतीस नावं, ओळीने.

"बघ!" ड्वेन म्हणाला. "उगाच घाबरला होतास. माझ्या हातून आजवर कुणाचं काही गेलेलं नाही."

खरंच वाजतंय का पाहायला रेनोने एका नावावर क्लिक केलं. रूडी पर्को.

स्पीकरमधून खोकला आला. ओला, तळातून ओढलेला. काहीतरी वर आलं, घशात अडकलं, पुन्हा खाली गेलं. श्वासाची शिट्टी वाजली. कुणीतरी डब्यात थुंकलं. मग पुन्हा खोकला.

ड्वेनचा हात चिप्सच्या पिशवीतच थांबला. "ई! बंद कर ते. निदान सुरुवातीची ही घाण तरी कापून टाक. वकीलबाईंना काय हे ऐकवणार?" त्याने पिशवी दूर सारली. "केवढं आहे हे?"

"अकरा मिनिटं."

"आणि तो बोलायला कधी लागतो?"

"लागत नाही," रेनो म्हणाला, आणि त्याने आवाज वाढवला.