एकसष्ट कंस

वॉशिंग मशीननं तीनदा पीप-पीप केलं आणि फोनवरची शांतता मोडली.

तिनं धावत जाऊन बटण दाबलं. आतल्या खोलीत मुलीनं कूस बदलली, अंगठा तोंडात गेला, श्वास पुन्हा संथ झाला. अजून तासभर तरी उठायची नाही.

"कोणी झोपलंय का?" फोनवर सरांनी विचारलं.

"मुलगी."

"केवढी झाली गं?"

"तुम्हीच मोजा. ती झाली त्याच आठवड्यात तुम्ही पॅकेज जगापुढे आणलंत."



पॅकेज म्हणजे संख्याशास्त्राचा एक संगणक-प्रोग्राम. सर्वेक्षणात लोक काही प्रश्नांची उत्तरं देतच नाहीत. ती रिकामी घरं बाकीच्या उत्तरांवरून अंदाजानं भरायची, हे त्याचं काम. सरांच्या हाताखाली शिकत असताना तीन वर्षं खपून तिनं ते उभं केलं होतं. मग बाळ झालं. पाचव्या दिवशी, बाळाला मांडीवर घेऊन, तिनं एका हातानं पॅकेज कसं वापरायचं ते सांगणारं मदतीचं पान उघडलं. लेखक म्हणून एकटे सर. त्या दिवसापासून तिनं त्यांचा फोन उचलला नव्हता. नोकरीच्या पुढच्या तीन मुलाखतींत तिला एकच प्रश्न विचारला गेला: हे तुम्हीच केलंय कशावरून?

आज फोन उचलला, कारण आज सर अडले होते. मदतीचं नवं पान तयार होत नव्हतं. चारच्या आत दुरुस्त फाइल गेली नाही, तर सगळे जिथून ते उतरवून घेतात त्या सार्वजनिक भांडारातून पॅकेज काढून टाकलं जाणार होतं.

"माझे डोळे आता ओळ धरत नाहीत," सर म्हणाले. "कालपासून बघतोय. यंत्र म्हणतंय, कंस मिटलेला नाही, शेवटच्या ओळीवर. शेवटची ओळ तर चांगली धडधाकट आहे. जुनी फाइल चालते, नवी चालत नाही. दोन्ही पाठवल्यात तुला."

"करून देते. पण आधी एक पत्र जाईल. पॅकेज वापरणाऱ्या सगळ्यांना. विभागप्रमुखांनाही."

"कसलं पत्र?"

"काम माझ्या विद्यार्थिनीचं होतं आणि मी तिचं नाव दिलं नाही, असं."

"नाव दिलं नाही? मला तर वाटत होतं की मी..."

"तुम्हाला काय वाटत होतं ते ऐकायला मी चार वर्षं थांबलेली नाही, सर. पान उघडून बघा."

बराच वेळ नुसती माउसची टिकटिक ऐकू आली. मग सर हळू आवाजात म्हणाले, "नाहीये खरं." आणि थोड्या वेळानं, "सांग. कसं लिहू?"

ते एकेका बोटानं लिहीत होते. लिहिलेलं वाचून दाखवत होते. "तिचं नाव माझ्याकडून राहून गेलं."

"राहून गेलं नाही. गाळलं."

"गाळलं."

"आणि 'ही माझी चूक' काढा. चुका सगळ्यांच्या होतात. 'चोरी' लिहा."

तिकडे बोटं थांबली. तिनं घड्याळाकडे पाहिलं आणि वाट पाहिली.

"चोरीतली री दीर्घ ना गं?"

"दीर्घ."

पत्र तिच्याही फोनवर आलं. तिनं ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा ओठ हलवत वाचलं. गारठलेले हात गरम पाण्यात घातल्यासारखं वाटलं. वाचेपर्यंत खाली उत्तरं यायला लागली होती. "सर, हे खरं आहे?" "तुमच्याकडून हे?" मग विभागप्रमुखांचं, दोन ओळींचं: शुक्रवारचं आपलं निरोपाचं व्याख्यान रद्द केलं आहे. कृपया विभागात येऊ नये.

ओले कपडे मशीनमध्येच राहू देत तिनं लॅपटॉप उघडला. सव्वातीन. शब्द दिला होता, तो ती पाळणार होती.

तक्रार शेवटच्या ओळीवर दिसते तेव्हा दुखणं वर कुठेतरी असतं, हे तिला पाठ होतं. तिनं कंस मोजले. उघडणारे एकसष्ट. मिटणारेही एकसष्ट. म्हणजे कंस होता, पण यंत्राला दिसत नव्हता.

ती हसली. सरांची जुनीच खोड. या फाइलींमध्ये टक्क्याच्या चिन्हापासून ओळ संपेपर्यंतचं काहीही यंत्र वाचत नाही. ती लिहिणाऱ्याची खासगी टीप समजून सोडून देतं. चिन्ह छापायचं असेल तर त्याच्याआधी एक तिरकी रेघ द्यावी लागते. सरांना ते कधी लक्षात राहिलं नाही. त्यांच्यामागून त्या रेघा देत फिरायचं काम तिचं असायचं, अगदी नवव्या महिन्यापर्यंत.

तिनं रेघ नसलेलं चिन्ह शोधलं. एकच सापडलं, 'लेखक' या भागात. जुन्या फाइलीत मिटणारा कंस खालच्या ओळीवर होता म्हणून पान बिनतक्रार तयार व्हायचं. गेल्या आठवड्यात ओळी आवरताना सरांनी तो वर ओढला होता आणि तो चिन्हाच्या पलीकडे जाऊन पडला होता. बाकी ओळीला कोणी हात लावलेला नव्हता. जुन्या फाइलीतही ती अशीच होती, आणि त्या फाइलीवरची तारीख चार वर्षांपूर्वीची होती.

छापलेल्या पानावर या ओळीतलं सरांचं नाव आणि 'काम १०' एवढंच उमटायचं. तो दहा तिला कुठल्यातरी प्रकरणाचा आकडा वाटला होता. फाइल तिच्यासमोर आज पहिल्यांदा आली होती. त्यात सरांच्या नावापुढे 'काम १०%' होतं, आणि त्यापुढे तिचं पूर्ण नाव. नावापुढे लिहिलं होतं: 'उरलेलं सगळं हिचं. सध्या बाळंतपणाच्या रजेवर आहे. परत आली की पहिलं नाव तिचं, दुसरं माझं.'

फोन टेबलावर थरथरत राहिला. एकामागून एक उत्तरं येत होती.

मुलगी डोळे चोळत दारात आली. आईच्या तोंडाकडे बघत थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग जवळ येऊन तिनं आईच्या गालावर हात ठेवला.

"आई, तुला कोण रागावलं?"