चोखलेलं पान

सुनहीच्या पोटातल्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन तीन महिने झाले होते. निम्म्याहून जास्त जठर काढून टाकलं होतं. घर आणि दोन वर्षांची लेक दारम सांभाळायला गावाहून तिची आई आली होती.

जेवताना आईनं किमचीतलं, तिखटमिठात मुरलेल्या कोबीचं लालभडक पान तोंडात घातलं, चोखून चोखून त्याचं तिखट काढलं, मग ते भातावर ठेवून चमचा नातीपुढं धरला.

"आई, पाण्यात धुऊन दे ना तिला."

"असलं पाणचट कोण खाईल? तुला मी अशीच भरवायचे. म्हणून तर एवढी चिरफाड सोसलीस!"

कॅन्सरच्या मुळाशी असलेला जंतू बहुतेक लहानपणीच पोटात गेला असावा, भरवणाऱ्याच्या तोंडातून, असं डॉक्टर म्हणाले होते. आईचीही तपासणी करून घ्या, असंही बजावलं होतं. तीन महिने ते शब्द सुनहीच्या ओठांपर्यंत येऊन परत फिरत होते. "हिच्याऐवजी माझं पोट का नाही फाडलंत?" म्हणून दवाखान्यात डॉक्टरांशी भांडलेली बाई ही. हिला सांगायचं तरी कसं?

दारमनं आ केला.

"आई, तो घास मला दे," सुनही घाईघाईनं म्हणाली. "लहानपणी द्यायचीस तसा."

आईचे डोळे भरून आले. तिनं लेकीला घास भरवला, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि नातीसाठी दुसरं पान तोंडात घातलं.